बसल्या जागी जंगल

जंगल पाहावे तर खुर्चीत बसून, हे माझे फार जुने मत आहे. जंगलात जाऊन जंगल पाहणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण तो दुरूनच. ही माणसे पहाटे साडेचारला उठतात, मातकट रंगाचे कपडे घालतात, उघड्या जीपमध्ये बसून हाडे खिळखिळी करून घेतात आणि परत आल्यावर सांगतात, "वाघ नाही दिसला हो, पण पगमार्क एकदम फ्रेश होते!" ताज्या पाउलखुणा पाहायला ताडोब्यापर्यंत कशाला जायला हवे? नुकत्याच पुसलेल्या लादीवरून मी चहाच्या आशेने स्वैपाकघराकडे जातो, तेव्हा माझेही पगमार्क एकदम फ्रेश असतात. आणि त्यांचा माग काढत येणारीही घरातच असते.

तेव्हा प्रत्यक्ष जंगलाचे सोडा. मला बोलायचे आहे ते पडद्यावरच्या जंगलाविषयी, आणि तेही टीकाकाराच्या थाटात. नाटकावर टीका होते, कादंबरीवर होते, हल्ली वडापाववरसुद्धा दोन-दोन पाने लिहून येतात. मग ज्या निसर्गपटांसमोर माझ्यासारख्या निवृत्त गृहस्थाचे रोजचे दोन तास गेली कित्येक वर्षे निमूटपणे जात आहेत, त्यांनीच काय घोडे मारले आहे? माझी पात्रता विचाराल तर मी जन्मात एकही जनावर पाळलेले नाही आणि झाडावर चढलेलो नाही. परंतु एकही कादंबरी न लिहिलेल्या माणसाने कादंबरीवर अधिकारवाणीने बोलावे ही आपल्याकडची मान्य परंपरा आहे. त्या परंपरेचा मी एक नम्र पाईक.

मुंबईला दूरदर्शन आले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तिथून ते पुढे आमच्या पुण्यात आले आणि मग आमच्या वाड्यात आले. म्हणजे वाड्यातल्या एकाच्या घरी आले आणि उरलेले बावीस जण आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्या पेटीत सगळी सृष्टी राखाडी होती. मोर राखाडी, पोपट राखाडी, वाघ राखाडी आणि तो ज्या गवतात बसला आहे ते गवतही राखाडी. नुकसान झाले नाही ते एकट्या झेब्र्याचे. झेब्रा दिसला की आम्ही सगळे समाधानाने मान डोलवायचो. कारण पडद्यावर जे दिसते आहे तेच खरे आहे अशी खात्री त्या एकाच जनावराबाबत देता येत होती. रंग आले १९८२ साली, एशियाडच्या निमित्ताने. तोवर मोर कसा असतो हे मला पेशवे पार्कातल्या मोरावरून आठवून आत भरावे लागे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. प्रेक्षकाला थोडे काम दिले की तो पडद्याकडे जास्त लक्ष देतो, हा माझ्या टीकाशास्त्रातला पहिला मुद्दा आहे आणि तो पुढे लागणार आहे.

त्या काळी निसर्ग म्हणजे मुख्यतः 'आमची माती, आमची माणसं'. सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहणारी, तुळशीव्यतिरिक्त ज्यांनी काहीही लावले नाही अशी आम्ही माणसे, पिकावरची कीड कशी आटोक्यात आणावी हे एकाग्रतेने ऐकत असू. आणि मध्येच 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी लागली की त्या पाटीकडेही तितक्याच एकाग्रतेने पाहत असू. पुढे नॉर्वेच्या लोकांनी याच गोष्टीची मोठी कला केली. पण ते मागाहून.

निसर्गपटाचा विषय निघाला की एक नाव टाळता येत नाही, ते डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचे. १९५४ पासून हे गृहस्थ प्राण्यांच्या मागे आहेत. जन्म १९२६ चा. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे माणसाला 'आता हरी हरी करा' असे सांगतात, त्या वयात हे कुठल्यातरी बेटावर पालथे पडून कासवाच्या कानाशी बोलत होते. त्यांच्या आवाजाविषयी जगभर इतके बोलले गेले आहे की मी वेगळे काय बोलणार? मला त्यांचा विशेष वाटतो तो एवढाच, की ते जनावराची झोप मोडेल अशा बेताने कधीच बोलत नाहीत. आमच्याकडे दुपारी एक ते चार या वेळेत जिन्यावरून बोलत जाणाऱ्या सर्व मंडळींना हा आवाज सक्तीने ऐकवावा.

१९७९ साली त्यांची 'लाइफ ऑन अर्थ' ही तेरा भागांची मालिका आली. तिच्यात रवांडामधल्या डोंगरावर गोरिलांच्या कळपात ते जाऊन बसतात, तो प्रसंग आता सगळ्यांना ठाऊक आहे. गंमत अशी की तिथे त्यांना अंगठ्याविषयी बोलायचे होते. माणसाचा आणि वानरकुळाचा अंगठा इतर बोटांसमोर येतो, त्यामुळे पकड येते, वगैरे. पाठ तयार होता. पण ते बसले आणि गोरिलाच त्यांच्या अंगाशी आले. पिल्ले त्यांच्या बुटांशी खेळू लागली. झाले! अंगठा राहिला बाजूला. साहेब तिथे लोळत पडलेले आणि चेहऱ्यावर पाच वर्षांच्या मुलाचा आनंद. माझ्या मते हा या सबंध प्रकारातला सर्वांत उत्तम प्रसंग आहे, आणि तो उत्तम आहे कारण ठरवलेले व्याख्यान पार कोसळले. मराठी साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर अधूनमधून दोन-चार गोरिला सोडावेत, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

पुढे मात्र हा प्रकार बिघडत गेला. बिघडत म्हणजे फार सुंदर होत गेला. २००६ चा 'प्लॅनेट अर्थ' पाहिला तेव्हा मी तोंडात पाणी गेलेल्या माशासारखा बघतच राहिलो होतो. पण २०१६ च्या दुसऱ्या 'प्लॅनेट अर्थ'मधला तो प्रसिद्ध पाठलाग घ्या. गॅलापागोसमधले फर्नांडिना बेट. वाळूतून इग्वानाचे पिल्लू बाहेर येते. खडकांच्या फटींतून साप निघतात. एक नाही, दोन नाही, सापांची वरात निघते. पिल्लू पळते. साप त्याला विळखा घालतात. संपला बिचारा! इतक्यात ते सुटते, उडी मारते, खडक चढते, वर आईबाप म्हणावेत असे मोठे इग्वाने बसलेले. आमच्या घरात त्या वेळी सात माणसे होती आणि सातही उभी होती. मीही होतो. मग बसलो आणि विचार केला, हे आपण कुठेतरी पाहिले आहे. कुठे बरे? अहो, हा तर मनमोहन देसाई! नायक एकटा, खलनायक तीस, मार खाऊन खाऊन शेवटी निसटणार, आणि तोवर वाद्यवृंद छातीवर बसलेला. त्या प्रसंगात एकाहून जास्त पिल्लांची दृश्ये जोडली होती, हे पुढे निर्मात्यांकडूनच कळले. मला त्याचा धक्का बसला नाही. जुळ्या भावांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे.

माझा आक्षेप जोडण्याला नाहीच. आक्षेप आहे तो बाजू घेण्याला. आज भाग सिंहिणीचा असला की तिची तीन पिल्ले उपाशी दाखवतात, त्यांच्या बरगड्या दाखवतात, आणि आमच्यासारखी तीन पिढ्यांची शाकाहारी माणसे 'पकड, पकड त्या झेब्र्याला!' म्हणून खुर्चीच्या दांड्या आवळतात. पुढच्या आठवड्यात भाग झेब्र्याचा. आता त्याचे शिंगरू पाहा, कसे लटपटते आहे. आणि तीच सिंहीण दिसली की आम्ही म्हणतो, 'मेली टपूनच बसलेली!' जनावरे तीच, गवत तेच. बदलले काय, तर बासरीऐवजी ढोल. ज्या प्रेक्षकाला संगीतकार डोळे मिटूनही सांगू शकतो की आता कोणासाठी रडायचे, त्या प्रेक्षकाने जंगल पाहिले असे म्हणता येत नाही. त्याने मेळा पाहिला.

आता खोटेपणाविषयी. त्यातही मी प्रती लावतो. सगळ्यांना एका दोरीत बांधत नाही. १९५८ साली डिस्नेचा 'व्हाइट वाइल्डरनेस' नावाचा माहितीपट आला. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी थव्याथव्याने कड्यावरून पाण्यात उड्या घेऊन मरतात असे दाखवले. त्याला ऑस्कर मिळाले. १९८२ मध्ये कॅनडाच्या टेलिव्हिजनने शोध घेतला तेव्हा उघडकीला आले की चित्रण झाले ते अल्बर्टा प्रांतात; तिथे समुद्रही नाही आणि ते लेमिंगही नाहीत. मॅनिटोबातल्या पोरांकडून प्राणी विकत आणले, फिरत्या चाकावर पळवले आणि कड्यावरून ढकलून दिले. बिचाऱ्यांनी आत्महत्या केली नव्हती, त्यांचा खून झाला होता. आणि वर साऱ्या जगाने त्यांनाच वेडे ठरवले. इंग्रजीत अजूनही आंधळेपणाने एकामागे एक जाणाऱ्यांना लेमिंग म्हणतात. आपल्याकडे त्या कामाला मेंढरे होती म्हणून आपण वाचलो. मेंढरांनी तरी असे काय केले होते, हे कोणी शोधले आहे की नाही देव जाणे.

हा झाला गुन्हा. पण २०११ च्या 'फ्रोझन प्लॅनेट'मध्ये पांढऱ्या अस्वलिणीच्या बर्फातल्या गुहेत जन्मलेली पिल्ले दाखवली, ती हॉलंडमधल्या एका प्राणिसंग्रहालयात चित्रित केली होती म्हणून जो गदारोळ झाला, तो मला पटला नाही. बाळंतिणीच्या खोलीत कॅमेरा घेऊन कोण शिरणार? आमच्याकडे बाराव्या दिवसाआधी आत्यालासुद्धा आत घेत नसत.

आणि आवाजाचे तर सगळेच निराळे. अर्धा कोस दूर असलेल्या जनावराच्या पावलांचा आवाज टिपता येत नाही. तो मागाहून स्टुडिओत बसून करतात. बर्फावर पाऊल पडते तेव्हा जो करकर असा गोड आवाज येतो ना, तो करायची जुनी युक्ती म्हणजे पिशवीत कॉर्नफ्लोअर घालून ती मुठीने दाबायची. हे मी मोठ्या उत्साहाने घरात जाहीर केले. आमची ही म्हणाली, "म्हणजे तुमचं ते अस्वल मांचुरियनच्या पिठावर चाललंय!" तेव्हापासून उत्तर ध्रुवाचा कार्यक्रम लागला की मला भूक लागते. हत्तीचे पाऊल मात्र धाडधाड वाजवू नये, एवढी माझी विनंती आहे. हत्तीच्या तळव्याला गादी असते. एवढे मोठे धूड चालते ते मांजरासारखे, न वाजता. मारुती चितमपल्लींसारख्यांची पुस्तके वाचलेल्या माणसाला हे ठाऊक असते. धाडधाड वाजतो तो वरच्या मजल्यावरचा मुलगा.

या सगळ्या मालिकांत मला मनापासून आवडतात ती शेवटची दहा मिनिटे. 'प्लॅनेट अर्थ'च्या प्रत्येक भागाच्या शेवटी चित्रण कसे झाले ते दाखवत. बहुतेक लोक तोवर जेवायला उठलेले असतात. पण खरी गोष्ट तिथे असते. एक माणूस दगडाच्या आडोशाला थंडीत कुडकुडत बसलेला असतो. त्याला हिमबिबट्या हवा असतो. हिमबिबट्याला तो नको असतो. दिवस जातात, आठवडे जातात. पाकिस्तानातल्या त्या डोंगरात ती माणसे पुन्हा पुन्हा जातात. आणि एकदाचा तो दिसतो, मारखोर बकऱ्याच्या मागे कड्यावरून धावत सुटतो, आणि बकरा? नदीत उडी टाकून पसार! एवढ्या प्रतीक्षेनंतर शिकार फसते. किती छान! त्या बिबट्याचा पडलेला चेहरा पाहून मला तो प्रथमच ओळखीचा वाटला. महिनाअखेरीला बँकेतून बाहेर पडणारा माणूस असाच दिसतो.

आणि इथेच माझी मुख्य तक्रार आहे. त्या माणसाने जे आठवडे घालवले ते मला मिळत नाहीत; मला मिळतात तीन मिनिटे. त्याच्याकडे फुरसत होती, माझ्याकडे फक्त तिचा अर्क येतो. आणि अर्काचे तुम्हाला माहीत आहे. बडीशेपेचा अर्क आणि बडीशेप चघळत ओट्यावर बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोनवर तर आता तीन मिनिटेही उरली नाहीत. पंधरा सेकंदांत गरुड मासा उचलतो, बोट वर सरकते, पुढच्या पंधरा सेकंदांत अस्वल पाठ खाजवते, बोट वर, पांडा घसरतो, बोट वर, आणि मग एक बाई इडलीचे पीठ फुगवण्याची युक्ती सांगते. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळ्यांपुढे त्या सगळ्यांचे एकच जनावर होऊन येते, आणि त्याला इडल्या करता येत असतात.

म्हणूनच नॉर्वेकरांचे कौतुक. २००९ मध्ये त्यांच्या सरकारी टेलिव्हिजनने बर्गन ते ऑस्लो ही आगगाडी दाखवली. गाडीविषयीचा कार्यक्रम नव्हे, गाडी. ती निघाली तिथपासून पोहोचेपर्यंत, सात तासांहून जास्त. पन्नास लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या देशात बारा लाख लोकांनी ती थोडीफार तरी पाहिली. २०१३ मध्ये त्यांनी बारा तास सरपण दाखवले. त्यात आठ तास नुसती शेकोटी जळत होती. त्यावरही प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या. काहींचे म्हणणे, लाकडाची साल वर हवी; काहींचे म्हणणे, खाली. हे वाचले आणि मला नॉर्वे हा देश एकदम पुण्याच्या जवळचा वाटू लागला.

त्याच वाटेने स्वीडनवाले २०१९ पासून दर वसंत ऋतूत मूस दाखवतात. मूस म्हणजे घोड्यापेक्षा उंच असे एक हरीण, चेहरा चुलतसासऱ्यासारखा. ही हरणे उन्हाळी कुरणांकडे निघाली की एक नदी पोहून ओलांडतात. नदीकाठी कॅमेरे लावून ठेवायचे आणि रात्रंदिवस, काही आठवडे, जे दिसेल ते दाखवायचे. माझा एक पुतण्या तिकडे नोकरीला आहे, त्याने मला हे दाखवून दिले, आणि एप्रिल महिनाभर मी नदी पाहिली. ना संगीत, ना निवेदन. पाणी. कधी बर्फाचा तुकडा वाहत जातो. एकदा बदक आले, तेव्हा मी हिला हाक मारली. ही आली.

"आलं का तुमचं हरीण?"

"नाही. बदक आलं."

"मग इतका वेळ काय बघत होता?"

"नदी."

ही जरा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, आपली मुठा आहे ना चालत दहा मिनिटांवर. तिथं जाऊन बसा की. भाजीही आणता येईल."

टीका म्हणून हे वाक्य मी आजवर वाचलेल्या बऱ्याच समीक्षेपेक्षा नेमके आहे. तरी मी स्वीडनची बाजू मांडली. म्हटले, त्यांच्या नदीला वास नाही, डास नाहीत. ही म्हणाली, "म्हणूनच ती नदी वाटत नाही." आणि आत गेली. हरीण नेमके मी चहा घ्यायला उठलो तेव्हा आले. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा एकाने वाढलेला दिसला. पण मला सांगायला हवे की त्या चुकलेल्या हरणाची चुटपुट मला चार दिवस लागली होती, आणि पाहिलेल्या हजार सिंहांची मला आठवणही नाही. या एका कसोटीवर मी त्या कार्यक्रमाला सगळ्यांत वरचा क्रमांक देतो. पण मुठेकाठी बसणे नको म्हणून मी मधला मार्ग काढला आणि गॅलरीत खुर्ची टाकली.

गॅलरीसमोर एक पांगारा आहे आणि त्याला एक वाळकी फांदी आहे. तिथे रोज सकाळी कोणीतरी टुक-टुक-टुक करते. नातीने फोनमध्ये एक सोय करून दिली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्रवाल्यांनी केलेली ती युक्ती. २०२१ पासून तिला नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखता येतो. फोन धरला की झाले, पाटी उमटते: कॉपरस्मिथ बार्बेट. मला मोठा आनंद झाला, तो दोन मिनिटे टिकला. कारण पाटी पाहिल्यावर मी झाडाकडे पाहायचेच थांबलो. बुलबुल बोलला, पाटी. शिंपी बोलला, पाटी. शेजारच्यांचा कुकर बोलला, पाटी नाही, तेव्हा मला हे यंत्र अपुरे वाटले! आपले वाक्य आपल्याआधी पूर्ण करणारे एक शेजारी असतात ना, तसे हे यंत्र आहे. हुशार, पण त्याच्यासमोर आपल्याला बोलायला काही उरत नाही.

माझ्या आईला यातले काही ठाऊक नव्हते. ती त्याला तांबट म्हणायची. आमच्या कसब्याकडे तांबट आळी आहे. तिथे तांब्यापितळेच्या भांड्यांवर ठोके पडत, त्या ठोक्यांसारखा बोलतो तो तांबट. इंग्रजीतही अर्थ तोच, तरी मला पाटी वाचून आळी आठवली नाही, आणि आईचा शब्द आठवताच ठोके ऐकू आले. पावशाचेही तसेच. एकच पक्षी, एकच हाळी. आपल्या शेतकऱ्याला 'पेरते व्हा' ऐकू येते, हिंदीवाल्याला 'पी कहाँ', उन्हाने हैराण झालेल्या इंग्रजाला 'ब्रेन फीव्हर'. बंगाल्यांना तर 'चोख गेलो', म्हणजे 'डोळे गेले', असे ऐकू येते. दिवसाचे सहा तास फोन पाहणाऱ्या आमच्या पिढीने बंगाली पाठ स्वीकारावा अशी माझी सूचना आहे.

तर तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. कुंकू लावताना धक्का लागल्यासारखा. घर करतो ते वाळक्या लाकडात भोक पाडून. समोरच्या फांदीत त्याने ते केले होते. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे, अगदी गोल. आणि मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना आली: पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाळकी फांदी काढून घेण्यात येईल, खाली वाहने असतात, हरकत असल्यास कळवावे. ही सूचना जिथे आली तिच्या बरोबर वर, त्याच सकाळी, कोणीतरी अ‍ॅमेझॉनच्या जंगलाचा सूर्योदय पाठवला होता आणि खाली एकतीस जणांनी हात जोडले होते. फांदीच्या सूचनेखालीही बहुतेक त्याच जणांनी अंगठे दाखवले.

मी हरकत कळवली. सविस्तर लिहिले, तांबट वाळक्याच लाकडात घरटे का करतो, महापालिकेची परवानगी, सगळे. कोणी वाचले नाही. सेक्रेटरी जिन्यात भेटले, म्हणाले, "काका, तुमचं बरोबर आहे, पण उद्या कुणाच्या टपावर पडली तर?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. फांदी वाळलेली होतीच; वाळलेली होती म्हणून तर तो तिथे होता.

तेव्हा टीकाकाराने चित्रपट काढला. फोन गॅलरीच्या कठड्याला सुतळीने बांधला. कलाकृती एकूण अडतीस सेकंदांची. पहिले एकतीस सेकंद नुसते भोक दिसते. पार्श्वभूमीला कुकरच्या दोन शिट्ट्या आणि "अहो, दूध बघा!" हा संवाद. मग भोकातून लाल कपाळ बाहेर येते, इकडे बघते, तिकडे बघते, आणि आत जाते. संपले. रात्री पावणेनऊला तो मी सोसायटीच्या गटावर सोडला.

परीक्षणे लगेच आली. एकाला 'सुरुवात लांबली आहे' असे वाटले. एकाने झूम मागितला. बी विंगमधल्या बाईंनी मागे बासरी टाकून द्यायची तयारी दाखवली. तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने विचारले, "काका, दूध उतू गेलं का?" गेले होते. आणि दहा वाजता सेक्रेटरींचा प्रश्न आला, "ही आपलीच फांदी का?" दुसऱ्या दिवशी फांदी १५ जूनपर्यंत ठेवावी असे ठरले. खालच्या दोन गाड्या हलल्या. त्यातल्या एका गाडीचे मालक माझ्याशी वर्षभर बोलत नव्हते, ते आता येता-जाता वर पाहून विचारतात, "काय म्हणतंय मंडळ?"

परिणाम असा की आमची गॅलरी आता बाल्कनी झाली आहे, नाटकगृहातली. संध्याकाळी पाच-सहा जण येतात. भोकासमोर फोन उगारून उभे राहतात आणि तांबट डोके बाहेर काढून या सगळ्या फोनांकडे पाहतो. काही जण वीस मिनिटे फोन न काढताही बसलेले मी पाहिले आहेत. पण त्यातले दोन जण हिच्या चहासाठी बसतात असा मला संशय आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने मात्र वहीच घातली आहे. नर-मादी दिसायला सारखीच, म्हणून तो 'पहिला' आणि 'दुसरा' असे लिहितो आणि कोण किती वेळा फळ घेऊन आले याच्या रेघा मारतो. त्याच्या रेघांवरून एक जण अंगचुकारपणा करतो आहे असे हिचे मत आहे, आणि तो कोण असणार याविषयी तिला शंका नाही.

परवापासून आतून बारीक चिरचिर ऐकू येऊ लागली आहे. नातीच्या फोनने तिला अजून पाटी लावलेली नाही. १५ जूनला अठरा दिवस आहेत. वळवाच्या पावसाला मात्र सोसायटीचा ठराव कोणी कळवलेला नाही, आणि आज दुपारपासून सिंहगडाच्या बाजूला काळे ढग जमले आहेत. फांदीला दोरखंडाचा आधार द्यायला सेक्रेटरी स्वतः शिडी घेऊन आले होते. शिडी दोन हात कमी पडली. आता ते सहा वाजता मोठी शिडी घेऊन येतो म्हणाले आहेत. ही मघाशी दोनदा गॅलरीत जाऊन वारा पाहून आली. टीव्ही कोणी लावलेला नाही.